माहुली भाषेतली क्रियापदं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माहुली म्हणजे नेमकं काय?

हिब्रूच्या धर्तीवर साताऱ्यात मुद्दाम घडवलेली भाषा. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. या भाषेतही दोन प्रवाह मिळून एक शब्द होतो, म्हणून हे नाव घेतलं. एक प्रवाह व्यंजनांचा, त्याला आम्ही ‘मूळ’ म्हणतो. दुसरा स्वरांचा, तो ‘साचा’. मुळात साधारण तीन व्यंजनं असतात आणि त्यांत अर्थाचा गाभा असतो. कोणी केलं, कधी केलं, आपोआप झालं की करवलं, हे साचा सांगतो.

हिब्रूतून काय घेतलं आणि काय सोडलं?

मूळ-साच्याची पद्धत, भूतकाळाला मागे प्रत्यय, भविष्यकाळाला पुढे उपसर्ग आणि वर्तमानकाळात लिंग-वचन, एवढं घेतलं. हिब्रूत क्रियापदाचे सात साचे आहेत : पाआल, निफआल, पिएल, पुआल, हिफिल, हुफआल, हितपाएल. यातले पुआल आणि हुफआल निव्वळ कर्मणी आहेत, त्यांना आज्ञार्थही नाही. ते आम्ही गाळले, त्यांचं काम चौथ्या साच्यावर टाकलं. उरले पाच.

हिब्रूत ब-व, क-ख, प-फ अशी अक्षरं जागेनुसार बदलतात, तेही सोडलं. मराठी कान ख आणि फ वेगळीच अक्षरं म्हणून ऐकतो आणि मग मूळ हातचं निसटतं. माहुलीत ब कुठेही ब.

उलट, आजच्या बोली हिब्रूत व्यंजनाचं द्वित्त उच्चारातून गेलेलं आहे, ते आम्ही ठेवलं. ‘पक्का’, ‘डब्बा’ म्हणणाऱ्याला त्यात कसलीच अडचण नाही.

तीन व्यंजनांचं मूळ ही कल्पनाच डोक्यात बसत नाही. कुठून सुरुवात करू?

तुम्ही ती रोज वापरता. कोर्टकचेरीतले ‘हुकूम’, ‘हाकीम’, ‘हुकमत’ हे शब्द शेजारी ठेवा. तिन्हींत ह-क-म. ‘वकील’ आणि ‘वकालतनामा’त व-क-ल. हे शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आले, आणि अरबी ही हिब्रूची बहीणच.

अस्सल मराठीतही स्वर बदलून क्रियापदाचं काम बदलतं. गळणे–गाळणे, जळणे–जाळणे, टळणे–टाळणे, पडणे–पाडणे. गुऱ्हाळावर रस गोणपाटातून गळतो आणि माणूस तो गाळतो. व्यंजनं तीच, एक काना वाढला आणि करणारा हजर झाला. माहुलीत हीच युक्ती पाच प्रकारे आणि सगळ्या मुळांना लावली आहे. त्यामुळे मराठी माणूस इथे अडत नाही. अडतो तो भलत्याच ठिकाणी, ते पुढे येईलच.

लिहायचं कसं? हिब्रू लिपी शिकावी लागते का?

नाही, देवनागरीच. हिब्रूची २२ अक्षरं सगळी व्यंजनं. त्यांच्या खालीवर दिल्या जाणाऱ्या स्वरखुणा नंतरच्या. त्यांची आज चालणारी पद्धत तिबेरियासच्या पंडितांनी साधारण सातव्या ते दहाव्या शतकात बसवली. देवनागरीत मात्रा आधीपासूनच आहेत, म्हणजे व्यंजन एका जागी आणि स्वर त्याच्या अंगावर, हवं तेच.

अडचण एकच, आपल्या अक्षरात दडलेला ‘अ’. म्हणून नियम केला : मात्रा नसलेल्या व्यंजनात स्वर नाही. ‘अ’ हा स्वर माहुलीत नाहीच, आ-इ-उ-ए-ओ एवढे पाच. त्यामुळे पाय मोडायचा नाही आणि जोडाक्षरही करायचं नाही. ‘कालमा’ वाचताना ल अर्धा. जोडाक्षर केलंत तर मुळातलं अक्षर दुसऱ्याच्या पोटात जातं आणि शिकणाऱ्याला दिसेनासं होतं. ऱ्हस्व-दीर्घ मराठीसारखं, शेवटी दीर्घ आणि मध्ये ऱ्हस्व, पण त्याने अर्थ बदलत नाही. शब्दाच्या अखेरीस दोन व्यंजनं एकापाठोपाठ आली तर मध्ये ए घालायचा.

फोनवर लिहिताना शब्द सुचवण्याची आणि आपोआप दुरुस्तीची सोय बंद करा. नाहीतर ‘निकलाम’चं बघता बघता ‘निकाल’ होतं.

पाच साचे एकदा नीट समजावून सांगा.

नमुन्याला क-ल-म हे मूळ घेऊ, अर्थ लिहिणे. (आंब्याचं कलम करणाऱ्यांनी गोंधळू नये, ते मूळ वेगळं.) रूपं ‘तो’ची, भूतकाळी.

पहिला, साधा : कालाम, त्याने लिहिलं.
दुसरा, जोराचा : किललेम, त्याने लिहून काढलं.
तिसरा, करवणारा : हिकलिम, त्याने लिहायला लावलं, मजकूर सांगून लिहवला.
चौथा, आपसूक : निकलाम, लिहिलं गेलं.
पाचवा, आपापसांतला : हितकाललेम, त्याने पत्रव्यवहार केला.

आता दुसरं मूळ, श-ब-र, मोडणे-फोडणे. टेबलावर चहाचा पेला आहे. पेल्याला माहुलीत कोस, ‘तो पेला’ म्हणायला हाकोस. *निशबार हाकोस*, पेला फुटला, कोणाचं नाव नाही. *शाबार एत हाकोस*, त्याने पेला फोडला (‘एत’चं पुढे येईल). *शिबबेर एत हाकोस*, त्याने पेल्याचा पार चक्काचूर केला. *हिशबिर एत हाकोस*, त्याने दुसऱ्याकडून तो फोडवला. घरात पेला फुटल्यावर पोरं कोणता साचा निवडतील, हे सांगायला नको.

‘जोराचा’ म्हणजे किती जोराचा? पहिला आणि दुसरा यातला फरक अजून अंधुक आहे.

मराठीत आपण दुसरं क्रियापद जोडून जे साधतो ते बहुतेक या साच्यात येतं : लिहून काढणे, फोडून टाकणे, वाचून संपवणे. काम पुरं होणं, परत परत होणं किंवा पुष्कळांवर होणं, या तीनपैकी एक छटा हवी. एक पेला फोडला तर पहिला साचा चालेल, डझनभर फोडले तर दुसरा.

मात्र सगळीकडे हा हिशोब लागू पडत नाही. काही मुळं फक्त दुसऱ्याच साच्यात येतात, तिथे जोरबिर काही नसतो. हिब्रूतही ‘बोलला’साठी ‘दिबेर’ हे पिएलमधलंच, म्हणजे तिकडच्या जोराच्या साच्यातलंच, रूप आहे आणि तो माणूस हळू बोलत असला तरी तेच. शब्दकोशात मुळापुढे साच्याचा आकडा दिलेला असतो. आधी तो बघा, मग तर्क लढवा.

लिहिताना मधलं व्यंजन दोनदा आलंच पाहिजे. ‘शिबेर’ असं रूप माहुलीत नाही.

चौथा साचा म्हणजे कर्मणी प्रयोग का?

अर्धामुर्धा. ‘पेला फुटला’ आणि ‘पेला फोडला गेला’ या दोन्हींना निशबार. करणाऱ्याचं नाव सांगायचंच असेल तर वाक्य पहिल्या साच्यात आणा. ‘त्याच्याकडून फुटला’ असं शेपूट चौथ्या साच्याला लागत नाही.

भूतकाळाचे प्रत्यय द्या.

मी कालामती, तू (पुरुष) कालामता, तू (स्त्री) कालामेत, तो कालाम, ती कालमा, आम्ही कालामनू, आपण कालामनूत, तुम्ही कालामतेम, ते आणि त्या कालमू.

तीन गोष्टी टिपून ठेवा. प्रत्यय स्वराने सुरू झाला की मधला आ गळतो : कालमा, कालमू. ‘ती कालामा’ ही चूक सर्रास होते. दुसरी, प्रत्यय व्यंजनाने सुरू झाला की कुठल्याही साच्यात त्याच्या आधीचा स्वर आ होतो : किललेम पण किललामती, हिकलिम पण हिकलामती. आणि तिसरी, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद हिब्रूत नाही, आम्ही तो घातला. नू म्हणजे आम्ही, पुढचा त ऐकणाऱ्याला सामील करून घेतो. ‘आपण जेवलो’ आणि ‘आम्ही जेवलो’ एकच मानणारी भाषा इकडे कोण बोलणार?

मी ‘पत्र लिहिलं’ आणि ‘चिठ्ठी लिहिली’ साठी वेगळी रूपं केली. चूक काय?

हीच ती भलती जागा. मराठी भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं : पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, लेख लिहिला. लिहिणारा ‘ने’ लावून बाजूला बसतो. माहुलीत, हिब्रूप्रमाणेच, क्रियापद नेहमी कर्त्याचं. लिहिणारी बाई असेल तर कालमा, मग तिने पत्र लिहो की ग्रंथ. ‘ने’ला प्रतिशब्द नाही, शोधू नका.

तपासायची सोपी युक्ती आहे. वाक्य आधी भविष्यकाळात म्हणून बघा. ‘ती पत्र लिहील, ती चिठ्ठी लिहील’ इथे मराठीही कर्त्यालाच धरते. तोच कर्ता पकडायचा आणि मग भूतकाळाचा प्रत्यय लावायचा.

‘एत’ कुठे लावायचं?

कर्म ठरावीक असेल तर त्याच्या आधी. *कालामती मिकलाम*, मी (एक) पत्र लिहिलं. *कालामती एत हामिकलाम*, मी ते पत्र लिहिलं. ‘हा’ लागलेलं कर्म, माणसाचं किंवा गावाचं नाव, यांना एत हवंच. मराठीतला ‘ला’ काही अंशी असंच करतो, ‘मुलगी बघितली’ आणि ‘त्या मुलीला बघितलं’. पण ‘ला’ दिसला की एत लावायचं असं मात्र नाही. ‘त्याला पुस्तक दिलं’ इथला ‘ला’ निराळा, त्याला माहुलीत ले.

वर्तमानकाळात ‘लिहितो’ आणि ‘लिहितोय’ वेगळं कसं दाखवायचं?

दाखवायचं नाही. कोलेम (तो), कोलेमेत (ती), कोलमिम (ते), कोलमोत (त्या), एवढी चारच रूपं, त्यांत दोन्ही अर्थ. नेमकं ‘आत्ता’ म्हणायचं असेल तर तसा शब्द घाला. कर्ता मी, तू की तो हे या रूपात कळत नाही, म्हणून सर्वनाम वगळू नका. भूतकाळात ते वगळलेलं बरं, कारण प्रत्ययच सगळं सांगतो.

सातारा-सांगलीकडे खेड्यापाड्यांत बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. बोलीत ते शोभतं. माहुलीत बोलणारी बाई असेल तर वर्तमानकाळी कोलेमेतच. भूतकाळात मात्र ‘कालामती’ पुरुषालाही चालतं आणि बाईलाही, तिथे वादच नाही.

नपुंसकलिंग नाही. आ किंवा त ने संपणारी नामं बहुधा स्त्रीलिंगी, बाकीची पुल्लिंगी. मराठीत ‘पत्र’ नपुंसक असलं तरी मिकलाम पुल्लिंगी.

‘आहे’ला काय म्हणतात? मी ‘हाया’ वापरतो.

मग तुमची सगळी वाक्यं भूतकाळात गेली. ह-य-ह या मुळाचं हाया म्हणजे ‘होता’. ‘त्यो घरात हाय’ कानात असल्याने हा घोळ होतो, आणि कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत सगळ्यांचा होतो. वर्तमानकाळात ‘आहे’ला शब्दच नाही, दोन नामं शेजारी ठेवायची. ‘हा माझा भाऊ’ म्हणताना आपणही ‘आहे’ खातोच.

हाया फार कामाचं आहे ते वेगळ्या कारणाने. त्याच्यापुढे वर्तमानकाळी रूप ठेवलं की जुनी सवय सांगता येते : *हाया कोलेम*, तो लिहायचा. आधी ‘लू’ म्हणजे जर लावलं की तेच रूप न घडलेल्या गोष्टीचं होतं : *लू हाया कोलेम*, त्याने लिहिलं असतं तर. एकच रूप दोन्हीकडे वापरणं हा हिब्रूचाच प्रकार, आम्ही तसाच ठेवला. लू विसरलात तर ‘लिहिलं असतं’चं ‘लिहायचा’ होतं आणि ऐकणारा पुढच्या आठवणीची वाट बघत बसतो.

भविष्यकाळ?

मी एकलोम, तू (पुरुष) तिकलोम, तू (स्त्री) तिकलमी, तो यिकलोम, ती तिकलोम, आम्ही निकलोम, आपण निकलोमेत, तुम्ही तिकलमू, ते आणि त्या यिकलमू.

‘तू’ आणि ‘ती’ दोघांना तिकलोम. हिब्रूतही असंच आहे. आम्ही बदलून पाहिलं नाही, कारण मग उपसर्गांची घडीच विस्कटते. सर्वनाम लावा, प्रश्न मिटतो.

घाईने लिहिणाऱ्यांचा खरा सापळा ‘निकलोम’ आणि ‘निकलाम’ हा आहे. पहिलं ‘आम्ही लिहू’, दुसरं ‘लिहिलं गेलं’. एका मात्रेचा फरक. हाताने लिहिताना वरची मात्रा ठळक काढा.

बाकीच्या साच्यांत ‘तो’ची रूपं अशी : येकाललेम, याकलिम, यिककालेम, यितकाललेम. चौथ्यातला नि कुठे गेला असं वाटेल. त्यातला न पुढच्या व्यंजनात विरला आणि त्याला दुप्पट करून गेला, म्हणून दोन क.

आज्ञा आणि मनाई?

केलोम (लिही, पुरुषाला), किलमी (स्त्रीला), किलमू (अनेकांना). भविष्यकाळाचा उपसर्ग काढला की हे उरतं. सुरुवातीला दोन व्यंजनं येऊ नयेत म्हणून पहिल्या अक्षराला स्वर दिला आहे, ‘स्कूल’चं ‘इस्कूल’ करणाऱ्या जिभेची सोय.

मनाईला आज्ञार्थ चालत नाही. ‘आल’ आणि पुढे भविष्यकाळ : *आल तिकलोम*, लिहू नकोस. साधा नकार ‘लो’ : *लो कालाम*, त्याने लिहिलं नाही. ‘लो केलोम’ हे वाक्य अशक्य आहे, जसं मराठीत ‘नाही लिही’.

वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘तुम्ही’ची रूपं. आजच्या हिब्रूत ही पद्धत नाही, समोर कोणीही असो, एकाच माणसाला एकवचनच. आजोबांना ‘केलोम’ म्हणायला इकडे कोणाची जीभ रेटेना, म्हणून अनेकवचन आलं.

काही मुळांची अक्षरंच गायब होतात. का?

दुबळी व्यंजनं असलेली मुळं तीन जातींची.

न ने सुरू होणारी. न-प-ल, पडणे. नापाल, तो पडला, इथपर्यंत सरळ. उपसर्ग लागला की न पुढच्यात विरतो : यिपपोल, तो पडेल. हिपपिल, त्याने पाडलं. शब्दकोशात ‘प-प-ल’ शोधू नका. उपसर्गानंतर लगेच द्वित्त दिसलं की आधी न ची शंका घ्या.

ह ने संपणारी. च-ल-ह, चालणे-जाणे. शेवटचा ह उच्चारात टिकत नाही. चाला, तो गेला. चालिती, मी गेलो. चालता, ती गेली, इथे मधे त येतो. यिचले, तो जाईल. लिचलोत, जायला. आणि चालू म्हणजे ‘ते गेले’. पंखा चालू आहे म्हणणाऱ्याला हे पचायला आठवडा लागतो.

मधे व असलेली. ब-व-स, बसणे. बास, तो बसला. वर्तमानकाळीही बास, तो बसतो. याबूस, तो बसेल. जेवताना ‘बास’ म्हणालात तर माहुली जाणणारा तुम्हाला पाट देईल.

‘बासा’ म्हणजे ती बसली की ती बसते?

आघातावर आहे. पहिल्या अक्षरावर जोर, तर भूतकाळ. शेवटच्यावर जोर, तर वर्तमान. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो ऐकतच नाही. लिहिताना अवग्रह वापरा : बाऽसा, ती बसली. बासाऽ, ती बसते. जिथे घोटाळा होण्यासारखा नाही तिथे अवग्रह नको, पान नुसतं काटेरी दिसतं.

पाचव्या साच्यात ‘हितशाबबेर’ असं का होत नाही?

त पुढे श किंवा स आला की दोघं जागा बदलतात : हिशताबबेर. हिब्रूतही हाच नियम. ‘त्श’ भरभर म्हणून पाहा, च होतो. उत्सवाचा ‘उच्छाव’ असाच झाला. तसं झालं तर श हे मुळातलं अक्षरच हरवतं.

एका मुळाची एकूण किती रूपं? पाठ कशी करायची?

एका साच्यात भूतकाळाची ९, भविष्याची ९, वर्तमानाची ४, आज्ञार्थाची ३ आणि ‘लिहायला’चं १ (लिकलोम), म्हणजे २६. पाच साच्यांत १३०. पण सगळी मुळं सगळ्या साच्यांत येत नाहीत, आणि १३० पाठ करणं हा वेळेचा अपव्यय आहे.

वहीच्या पानावर तीन उभे रकाने पाडा, प्रत्येकात मुळाचं एक व्यंजन पेनाने लिहा. मात्रा, उपसर्ग, प्रत्यय पेन्सिलने. साचा बदलला की पेन्सिल खोडायची, पेन तसंच राहतं. आधी फक्त क-ल-म, पहिला साचा, भूतकाळ. मग त्याच काळात उरलेले चार साचे. भविष्यकाळ त्यानंतर. दुबळ्या मुळांना हात लावण्याआधी न अडखळता दहा धडधाकट मुळं चालवता आली पाहिजेत. उलट्या क्रमाने जाणारे अपवादच नियम समजून बसतात.

बायबलमधल्या हिब्रूत भूत-भविष्य उलटवणारा ‘वा’ असतो म्हणे. तो आहे का?

नाही. ‘वाय्योमेर’, आणि तो म्हणाला, यात रूप भविष्यासारखं आणि अर्थ भूताचा. जुन्या कथनशैलीत ते सुंदर आहे, आजच्या बोली हिब्रूतून गेलेलं आहे, आणि नवशिक्याला मारक आहे.

हिब्रू येत असेल तर माहुली सोपी जाईल का? आणि उलट?

पहिले दोन आठवडे हो. मग द्वित्त, ‘आपण’ आणि ठाम ब-क-प आडवे येतात. उलट दिशेने जाणाऱ्याला साचे ओळखीचे वाटतील, शब्द मात्र नव्याने शिकावे लागतील, कारण क-ल-म आणि च-ल-ह ही मुळं आमची. हिब्रूत लिहिणे क-त-ब. फक्त श-ब-र, न-प-ल आणि ह-य-ह थेट तिकडचे आहेत.

नवीन मूळ सुचवायचं असेल तर?

तीन व्यंजनं, पहिली दोन सारखी नकोत. ट-ठ-ड-ढ-ण नको. ळ चालतो, पण पहिल्या जागी नाही. अर्थ क्रियेचा हवा, वस्तूचा नको. पाठवण्याआधी पाचही साच्यांतून ‘तो’ची रूपं काढून मोठ्याने वाचा. एखादं रूप मराठीतल्या शिवीसारखं वाटलं तर मूळ तिथेच सोडा. यादीतून बाद झालेली बरीचशी मुळं याच कारणाने बाद झाली आहेत.